इटलीची खंजिरी

जत्रेच्या रिवाजाप्रमाणं रानातले चुनखडीचे खडे, म्हणजे चुना, वेचून झाला, देवीची पालखी आमराईत टेकली आणि आण्णासाहेबांच्या घरची सतरंजी दरवर्षीच्याच आंब्याखाली पडली. हा आंबा काही कुणी त्यांच्या नावावर करून दिला नव्हता. पण येरमाळ्याच्या जत्रेत चौदा वर्षं त्याच्याखाली दुसऱ्या कुणी बिऱ्हाड मांडलं नव्हतं. आण्णासाहेबांच्या धाकट्या भावाच्या, कोंडीरामाच्या अंगात आईचं वारं यायचं आणि ते इथंच यायचं. अशा माणसाला सावली नाकारून कोण पाप पदरी घेणार?

यंदा सतरंज्या दोन होत्या. दुसरीवर वाशी गावचे पाहुणे बसले होते. वसंतराव, त्यांची म्हातारी आई कमलबाई, आणि दोघांच्या मधे पानावर ठेवलेली, अजून न फुटलेली सुपारी. कोंडीरामाची एकुलती एक वनमाला वसंतरावांच्या मास्तर मुलाला फाल्गुनात दाखवून झाली होती. मुलानं होकार कळवला होता. मुलीला कुणी विचारलं नव्हतं, पण त्या दिवसापासून ती भाकरी करपवत होती, त्यावरून घरानं काय ते ओळखलं होतं. आता पन्हं प्यायचं, सुपारी फोडायची, तारीख काढायची. निदान आण्णासाहेबांची तशी समजूत होती.

कमलबाईंनी पन्ह्याचा पेला खाली ठेवला आणि पदराच्या टोकानं ओठ टिपले.

"पोरगी पसंत हाय, घर पसंत हाय. पण माझं एक म्हणणं हाय, आण्णासाहेब."

"बोला की आत्याबाई."

"तुमच्या घरात आई येती. ती दारात उभी असताना म्या माणसांच्या शब्दावर नातवाचं लगीन ठरवावं, हे बरं दिसंल का? आता दुपारी वारं आलं की म्या इचारते. आई व्हय म्हणली की तिच्या पायाशीच सुपारी फोडू. न्हाय म्हणली, तर आल्या वाटंनं जाऊ."

"तिचं समाधान होऊ द्या," वसंतराव हसून म्हणाले. "आमच्या घरात शेवटचा शब्द तिचाच असतो."

आण्णासाहेबही हसले. हसण्यावाचून दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. "वा! ह्याच्यापरीस चांगलं ते काय?" असं म्हणून ते बैलांना पाणी दावायच्या निमित्तानं उठले आणि बैल सोडून थेट भावाकडे गेले.

कोंडीराम बुंध्याच्या पलीकडे उन्हात उकिडवा बसला होता. हातात खंजिरी होती. थाळ्याएवढी, बकऱ्याच्या कातड्याची, कडेला पत्र्याच्या चकत्या. एका बाजूला बांधलेल्या फितीचा मूळचा लाल रंग आता जुन्या विटेसारखा झाला होता. ऊन खाऊन कातडं ताणलं की तो बोटानं टिचकी मारी, ऐके, पुन्हा उन्हाला धरी.

आण्णासाहेबांनी कमलबाईंचं म्हणणं सांगितलं. कोंडीरामाची टिचकी थांबली.

"आण्णा, चौदा वर्षं म्या नाचलो. पण तिच्या नावानं एक शब्द काढला न्हाय. कुणी काय इचारलं, तरी तोंड मिटून ऱ्हायलो. तुमाला ठावं हाय."

"मग आज काढ. एकच शब्द हाय. व्हय."

"आईच्या तोंडचा?"

"पोरीसाठी, कोंडू."

"पोरीसाठीच न्हाय म्हणतो. उद्या तिला तिथं काय जड गेलं, तर तिनं कुणाकडं गाऱ्हाणं न्यायचं? आईनं दिलेलं घर हाय म्हणत्याल. माहेरचं दार बी बंद आनि तोंड बी बंद."

"आनि खरं सांगितलंस तर?" आण्णासाहेबांचा आवाज खाली आला. "ते सुपारी उचलून जातील. खोटारड्यांची पोरगी म्हणून तिला मग कुठलं घर मिळंल? ताट बाजूला मांडलेलं इसरलास का?"

कोंडीराम विसरला नव्हता. आण्णासाहेब तर त्याहून नाही. फौजेतून भाऊ परतला त्या साली, सेहेचाळीसच्या पावसाळ्यानंतर, गावात एकच बोलणं होतं की कोंडीराम समुद्र ओलांडून आला, गोऱ्यांच्या ताटात जेवून आला, बाटून आला. चुलत्याच्या घरच्या लग्नात त्याची पत्रावळ पंगतीच्या शेवटी दोन हात सोडून मांडली गेली. त्या दोन हातांच्या मोकळ्या जमिनीकडे पाहत आण्णासाहेबांनी कसेबसे चार घास गिळले होते. मग चैत्र आला. ह्याच आमराईत हलग्या तापल्या, चाल चढत गेली आणि कोंडीराम ही खंजिरी घेऊन उठला. टाच, चवडा, उडी, गिरकी. असं नाचताना कुणी कुणाला पाहिलंच नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं त्याच्या. आण्णासाहेबांच्या बायकोनं, मथुराबाईनं, आधी "आईचा उदो" म्हणून त्याच्या कपाळी कुंकू भरलं, आणि मग दोघा भावांची म्हातारी माय पोटच्या पोराच्या पायावर पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडीराम त्यांना विहिरीवर म्हणाला होता, "आण्णा, अंगात कुणी आलं न्हवतं. तो नाच हाय तिकडचा. तारांतेल्ला म्हणत्यात."

आण्णासाहेबांनी तेव्हा बराच वेळ पोहरा हातात धरून ठेवला होता. मग म्हणाले होते, "हे मला सांगितलंस. आता दुसऱ्या कुणाला सांगू नको." अक्षय्यतृतीयेला कोंडीरामाचं ताट पंगतीच्या मधोमध आलं. ह्यात आपण काही वाईट केलं असं आण्णासाहेबांना आजवर वाटलं नव्हतं, आजही वाटत नव्हतं. भावाचं ताट सरकवून घ्यायला त्यांनी याहून मोठं खोटंही सांगितलं असतं.

"व्हय म्हण," ते उठता उठता म्हणाले. "माझ्यासाठी म्हण."

चुलीपाशी मथुराबाई आणि कोंडीरामाची बायको तुळजाबाई, दोघी जावा, धपाटे थापत होत्या. मथुराबाईच्या कानावर कमलबाईंचं म्हणणं आलं होतं आणि ती हरखून गेली होती.

"आपल्या वनूचं नशीब बघ तुळजा. परतक्ष आई सुपारी फोडणार! आनि हे बघ, यंदा तू मधी जाऊ नको. दरसाली पायाशी बसून काय पुटपुटतीस ग? पोरगा मागतीस व्हय?"

तुळजाबाईनं धपाटा उलटला. "आक्का, तवा लई तापला बघा," एवढंच ती म्हणाली.

पोरगा तिनं कधी मागितला नव्हता. हलग्या टिपेला पोचल्या की ती गर्दीतून पुढं व्हायची, नवऱ्याच्या पायाशी वाकायची आणि दर वर्षी एकच विचारायची: "माझा माणूस फौजेत गेला, तो अजून घरी आला न्हाय. त्याला कवा धाडतीस?" हलगीच्या गलक्यात ते दुसऱ्या कुणाला ऐकू जात नसे. उत्तर कधी आलं नव्हतं. पाय मात्र दर वर्षी क्षणभर अडखळायचे.

चार वर्षं तिनं वाट पाहिली होती. वनमाला पोटात असताना तो बार्शीला जाऊन भरती झाला, आणि आला तेव्हा पोर चुलीत काटक्या सारत होती. आला तो चांगला आला. हात उगारला नाही, दारूला शिवला नाही, शेतात राबला. पण बोलता बोलता कुठं तरी निघून जायचा. भाजी पुढ्यात निवायची. एकदा तापात तो "आसुंता, आसुंता" असं म्हणाला होता. बाईचं नाव कुठल्याही भाषेत बाईला कळतं. तुळजाबाईनं कपाळावरची घडी बदलली, पाणी पाजलं आणि त्या नावाबद्दल त्याला कधी विचारलं नाही. चौदा वर्षं ते नाव तिच्यापाशी होतं, पायात मोडलेल्या काट्यासारखं.

वनमाला पाहुण्यांचे पेले विसळत होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं आणि कशाचीच फिकीर नव्हती. मास्तरांनी फाल्गुनात तिला एकच प्रश्न विचारला होता, "वाचायला आवडतं का?" असं तिला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. बापाच्या अंगात आज लवकर वारं यावं, आईनं पटकन हो म्हणावं, बस्स. तिनं मनातल्या मनात दोन नारळ कबूल केले, मग भीती वाटून पाच केले.

दुपार कलती झाली आणि हलग्या घुमायला लागल्या. 

आधी संथ, मग जोरात, मग ती चाल आली. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. कोंडीरामाच्या पोटऱ्या आपोआप ताठल्या. ही चाल दुसऱ्याही मुलखात वाजते, हे इथल्या कुणाला ठाऊक नव्हतं. वाजवणारे त्यांच्या धुंदीत वाजवत होते, आणि कोंडीरामाला मात्र ओल्या लाकडांच्या धुराचा वास येत होता.

इटलीतल्या डोंगरावरचं ते गाव. तीन आठवडे पलटण तिथं विसाव्याला होती, आणि तीन आठवडे पाऊस. आसुंता साठीची होती, काळ्या कपड्यातली, पुढचे दोन दात पडलेली. तिनं त्याला चुलीपाशी बसवलं, मक्याच्या पिठाचं घट्ट गरगट वाढलं आणि भिंतीवरचा फोटो दाखवला. पोरगा. निकोला. लढाईत पकडला गेला, कैदी झाला. कुठं आहे? "इंदिया," ती म्हणाली, आणि कोंडीरामाचे दोन्ही गाल हातांत धरून पुन्हा म्हणाली, "इंदिया!" माझा पोरगा तुझ्या मुलखात, तू माझ्या घरात. हाताच्या खुणा करून तिनं विचारलं, तुझी आई माझ्या पोराला जेवायला घालते ना?

कैद्यांना तारेच्या कुंपणात ठेवतात हे कोंडीरामाला ठाऊक होतं. पण तिच्या डोळ्यांकडे पाहून त्यानं मान हलवली. व्हय, घालते. म्हातारी रडली, हसली, आणि तिनं खुंटीवरची खंजिरी काढली. शेजारचा आंधळा म्हातारा छातीला बांधायची पेटी घेऊन आला. कापणीच्या दिवसात बायांना विषारी कोळी चावतो, मग घाम फुटून विष उतरेपर्यंत नाचायचं, असं तिनं खुणांनी सांगितलं. आपल्याकडे विंचू उतरवतात, तसं काहीतरी. दोघांनी नाचायचं. एकानं गुडघा टेकायचा, दुसऱ्यानं त्याच्याभोवती फिरायचं, मग उलट. तिनं पोराच्या जागी त्याला उभं केलं आणि त्यानं आईच्या जागी तिला. परक्या मुलखात, लढाईच्या तोंडाशी, कोंडीराम जन्मात नव्हता इतका सुखात होता. निघताना तिनं खंजिरी त्याच्या पिशवीत घातली. निकोलाला दे.

तो परत आला तेव्हा कैदी माघारी गेले होते. खंजिरी राहिली. आणि तो खोटा होकार राहिला.

"आईचा उदो! उदो!"

मथुराबाईनं कुंकू लावलं. गर्दीनं कडं केलं. कोंडीराम नाचत होता. डावा हात कमरेवर, उजव्या हातात खंजिरी डोक्याच्या वर. वर्षातून एकदा, एवढ्याच वेळापुरता तो पुरता जिवंत असायचा. खोटं आण्णांनी राखलं खरं, पण त्या खोट्याच्या आडून नाचायला मिळायचं ते त्याला. नुसता नाचला असता तर खुळा म्हटलं असतं लोकांनी. हे आज संपणार, हे कळत असल्यामुळं त्याचे पाय थांबायला तयार नव्हते. त्यानं आणखी एक फेरा घेतला. आणखी एक.

कमलबाई पुढं आल्या. हात जोडले. हलग्या दबल्या.

"आई, पोरगी वनमाला, पोरगा माझा नातू. लगीन व्हावं का? व्हय म्हण, न्हायतर न्हाय म्हण."

कड्यातल्या माना पुढं झाल्या. गर्दीत वनमालाचा चेहरा होता, कैरीसारखा हिरवा पडलेला. आण्णासाहेबांचे ओठ हलत होते: व्हय. व्हय म्हण. कोंडीरामानं खंजिरी खाली घेतली.

"आत्याबाई, म्या कोंडीराम हाय. अंगात कुणी न्हाय."

"आई परीक्षा बघती!" आण्णासाहेब मोठ्यानं म्हणाले. "असं बोलून परीक्षा बघती हो!"

"आण्णा, बास." कोंडीरामाला धाप लागली होती. "लढाईत एका म्हातारीनं शिकवलेला नाच हाय ह्यो. पहिल्या साली लोकांनी आई समजून कुंकू लावलं, माझी माय पाया पडली. तवा तोंडातनं खरं निघालं न्हाय. मग निघालंच न्हाय. माझी चूक हाय, पोरीची न्हाय."

मथुराबाई वळली ती नवऱ्याकडे. "तुमाला ठावं हुतं?"

आण्णासाहेब बैलांकडे बघायला लागले.

"ठावं हुतं! आनि चौदा वर्षं म्या मोठी भावजय असून दिराच्या पाया पडत ऱ्हायले, ते तुमी उभं ऱ्हाऊन बघितलं!" तिनं हातातला कुंकवाचा करंडा पदरात बांधून टाकला आणि जाऊन तुळजाबाईच्या शेजारी उभी राहिली. नारळ घेऊन आलेल्या बाया एकमेकींकडे बघत पालखीकडे सरकल्या. पुढल्या वर्षी हा आंबा आपला नाही, हे आण्णासाहेबांना तेवढ्यातही जाणवलं.

कमलबाईंचे हात अजून जोडलेलेच होते.

"एक शब्द हुता," त्या म्हणाल्या. "व्हय म्हणायला काय झालं हुतं तुला?"

"उद्या पोरीला काय जड गेलं असतं, तर तिनं कुणाला सांगितलं असतं, आत्याबाई? आईनंच दिलंय म्हणून जन्मभर गप बसली असती."

म्हातारीनं जोडलेले हात सोडले. मग म्हणाली, "मला बी कौल घेऊनच दिलं हुतं वाशीला. साठ वर्षं गप हाय."

वसंतरावांनी आईकडं पाहिलं. तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. तिनं पानावरची सुपारी उचलली, वनमालाला हाक मारली आणि ती तिच्या मुठीत ठेवून मूठ मिटवली.

"ही तू ठेव. दोन दिस इचार कर आनि तुझ्या तोंडानं सांग मला. आता धर हात, पालखीपुढं नारळ ठेवून येऊ. मास्तरला म्हणावं, सासरा खुळा हाय तुझा, पण पोर स्वस्तात देणारा न्हाय."

वनमालानं त्यांचा हात धरला. नारळ पाच ठेवायचेत हे कसं सांगावं, एवढीच आता तिला पंचाईत होती.

हळूहळू आंब्याखाली दोघंच उरली. हलगीवाले पालखीकडं गेले होते. कोंडीराम सतरंजीच्या कडेला बसला होता, खंजिरी मांडीवर उपडी. आता हा नाच पुन्हा नाही. इतकी वर्षं आसुंताच्या घरातली चूल त्याच्यापुढं वर्षातून एकदा तरी पेटायची. आज ती विझली. त्याला रडू येत होतं आणि ते लपवायला आता देवीही नव्हती.

तुळजाबाई समोर येऊन उभी राहिली.

"माझ्या इचारण्याचं उत्तर ऱ्हायलंच."

"तुळजे, आत्ताच सांगितलं ना. आई न्हवती ती."

"ठावं हाय मला. पहिल्या सालापासनं ठावं हाय. आईला इचारायचं असतं तर देवळात गेले असते. म्या तुमालाच इचारत हुते."

कोंडीरामानं मांडीवरची खंजिरी खाली ठेवली.

"अंगात आलेलं माणूस घुमतं," ती म्हणाली. "तुमी घुमत न्हाय. तुमी एका रिकाम्या जागंभवती फिरता. तिला वाट देता, तिच्यापुढं गुडघा टेकता. आईला असं कुणाभवती फिरायची काय गरज? ती बाई कोण, तेवढं सांगा आता. आसुंता."

त्यानं सांगितलं. पाऊस, चूल, पडलेले दात, भिंतीवरचा निकोला, खंजिरी. खोटी मान हलवली तेही सांगितलं. चौदा वर्षांत तो एवढं सलग कधी बोलला नव्हता. ऐकता ऐकता तुळजाबाई खाली बसली.

"म्हातारी?" ती म्हणाली. "चौदा वर्षं म्या एका बोळक्या म्हातारीवर जळले?" ती हसायला गेली आणि ते हसू मधेच फुटलं. तिनं पदर तोंडाशी धरला. "एकदा सांगितलं असतं तर काय गेलं असतं हो तुमचं?"

"कुणाला सांगायचं, तेच कळलं न्हाय. समद्यांनी पाय धरलं. सांगायला समोर कुणी उभंच ऱ्हायलं न्हाय."

"म्या वाकायचे. तेच चुकलं माझं बी."

पालखीकडून उदो ऐकू आला. पलीकडे मथुराबाई आण्णासाहेबांना काहीबाही सुनावत होती, आणि ते बैलांना तिसऱ्यांदा पाणी दावत होते.

"तिचा पोरगा पोचला असंल का घरी?" तुळजाबाईनं विचारलं.

"असंल. कैदी सोडले तवाच पोचला असंल."

"मग तिची वाट बघणं संपलं," ती म्हणाली. "माझं अजून चालूच हाय."

कोंडीरामानं खंजिरी उचलली. कातडं अजून तापलेलं होतं. टिचकी मारली, ऐकली, आणि तो उठून उभा राहिला. हलगी नव्हती, कडं नव्हतं, कुंकू घामानं ओघळलं होतं. त्यानं दुसरा हात तिच्यापुढं केला आणि तसाच धरून ठेवला.

तुळजाबाईनं इकडंतिकडं पाहिलं. मग पदर कमरेला घट्ट खोचला, पायातली जोडवी जरा सारखी केली आणि चौदा वर्षं ज्या जागेकडं ती गर्दीतून बघत आली होती, तिथं जाऊन उभी राहिली.

"आधी कुठला पाय टाकायचा," ती म्हणाली, "ते सांगा."